गावरान सिगार

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा प्राणी असतो. दोन वर्षं ऑनसाइट राहून येतो आणि परत आल्यावर त्याला कँटीनचा चहा एकदम 'टू मिल्की' लागायला लागतो. येताना ड्यूटी फ्रीच्या पिशवीतून तो तीन गोष्टी हमखास आणतो. बॉसच्या मुलांना चॉकलेटं, बायकोला परफ्यूम आणि 'आपल्या गँगला' सिगारचा एक डबा. मग एखाद्या शुक्रवारी कुणाच्या तरी गच्चीवर तो डबा उघडला जातो, फोटो काढले जातात, दोन-चार जण ठसकतात, आणि शनिवारी सकाळी तोंडाची चव गेलेली असते.

तुमच्या गँगमधला हा प्राणी जर्मनीहून किंवा अमेरिकेहून आला असेल तर डब्यात बहुतेक गुळगुळीत, जाडजूड, सोनेरी पट्टी लावलेले सिगार असतात. रेशमी गाऊन घालून जिन्यावरून उतरणाऱ्या हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या हातात असायचे तसे. पण तो इटलीहून आला असेल तर डबा उघडल्यावर पहिल्यांदा वाटतं, कस्टमवाल्यांनी माल बदलला की काय! आत असतात पाच काळपट, खडबडीत, वेड्यावाकड्या काड्या. मध्ये फुगलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. अंगावर पानाच्या शिरा दिसतात, एक दुसरीसारखी नसते. कुणाला वाळलेली मुळी आठवते, कुणाला चुलीतून ओढून काढलेलं लाकूड.

मंडळी, हाच तो 'तोस्कानो'. इटलीच्या तोस्काना भागातला गावरान सिगार. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या ओठांच्या कोपऱ्यात एक वेडंवाकडं चिरूट सतत लटकत असतं, आठवतं? चेहऱ्यामोहऱ्यानं तोस्कानो अगदी त्याच खानदानातला. (गंमत म्हणजे ईस्टवुड स्वतः सिगार-सिगारेट न ओढणारा माणूस. म्हणजे त्या स्टाइलसाठी ओढायलाच हवं, असंही नाही!)

भिजलेल्या पानांची गोष्ट

या सिगारची जन्मकथा एकदम देशी आहे. 'आता एवढा माल टाकून कसा द्यायचा?' या शुद्ध मध्यमवर्गीय प्रश्नातून तो जन्मला म्हणतात. १८१५ च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्समध्ये तंबाखूची पानं उघड्यावर पडली होती, पाऊस आला आणि सगळी भिजली. मग ऊन पडलं आणि भिजलेली पानं आतल्या आत आंबायला लागली. माल वाया जायला नको म्हणून त्याच पानांचे स्वस्तातले सिगार वळून गरिबांना विकले गेले. लोकांना ते इतके आवडले की १८१८ पासून तिथल्या सरकारी कारखान्यात मुद्दाम पानं आंबवून तसेच सिगार बनवायला लागले. कथा थोडी तिखट-मीठ लावलेली असेल, पण पानं आंबवायची ती पद्धत आजही चालू आहे.

वापरतात ती तंबाखू 'केंटकी' जातीची. बी मूळचं अमेरिकेतलं, शेती इटलीतली. तोडलेली पानं बंद कोठारात टांगतात आणि खाली ओक आणि बीचची लाकडं पेटवून त्यांना काही दिवस धूर देतात. आपल्याकडे स्वयंपाकघरात चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांना धूर लागतो ना, तसाच. मग पानं ओली करून ढीग लावतात, ढीग आतून तापतो, तंबाखू आंबते. पुढे वळणं, वाळवणं आणि महिनोन् महिने मुरवणं. आत पानाचे तुकडे आणि बाहेर एकच पान, इतका साधा मामला.

म्हणूनच याची चव गोडसर, क्रीमी वगैरे नसते. धूर, कातडं, जळकं लाकूड, थोडा कडवटपणा आणि मागे रेंगाळणारी एक मिरमिर. क्युबन सिगारला दमट हवेची खास लाकडी पेटी लागते, रोज त्याची बडदास्त ठेवावी लागते. तोस्कानो मुळातच कोरडा. शेतकऱ्याच्या कोटाच्या खिशात राहायची सवय असलेला, त्यामुळे नखरे शून्य.

ओढायचा कसा?

ज्यांना ओढायचाच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

एक. अख्खा ओढू नका. इटलीतली जुनी रीत म्हणजे सिगार मधोमध कापायचा, अर्धा आपण घ्यायचा आणि अर्धा मित्राला द्यायचा. कटिंग चहासारखंच, फक्त इथे कटिंग खरोखरच कापून होतं. आधीच अर्धे केलेलेही मिळतात.

दोन. रिकाम्या पोटी मुळीच नको. तंबाखू कडक आहे. नवख्याला घाम फुटतो, गरगरतं, मळमळतं. ते 'फील' वगैरे काही नसतं, अंगात निकोटिन जास्त झाल्याची ती खूण असते. असं झालं की मर्दानगी न दाखवता ठेवून द्यायचा.

तीन. निमुळतं टोक ओठात, जाड टोक आगीकडे. काडेपेटीची काडी पेटल्यावर आधी गंधकाचा वास जाऊ द्यायचा आणि मग सावकाश पेटवायचं.

चार. धूर आत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. मिनिटाला एखादा झुरका, बास. मध्येच विझला तर पुन्हा पेटवा. हा सिगार विझतोच, त्यात कमीपणा नाही.

पाच. सोबत काळी कॉफी. आणि गप्पा. मोबाइल आत ठेवून. एका अर्ध्या सिगारला पाऊण तास जातो. खरं सांगायचं तर सगळी मजा त्या पाऊण तासाची आहे. आपल्यापैकी किती जणांना सलग पाऊण तास एका जागी काहीही न करता बसता येतं?

आता हा सगळा सोहळा आम्ही कुठे केला म्हणाल, तर कोरेगाव पार्कात नाही आणि बांद्र्यातही नाही. केला गडमुडशिंगीत.

ट्रायल गडमुडशिंगीत

गडमुडशिंगी कुठे आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, करवीर तालुक्यात, गांधीनगरच्या कापड बाजाराच्या आणि उजळाईवाडीच्या विमानतळाच्या शेजारचं गाव. परदेशी पाहुण्यांचं या भागाला फारसं अप्रूप नाही. शेजारच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती, आणि ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. त्यामुळे मिलानहून आलेला आमचा मित्र आणि त्याच्या पिशवीतला तोस्कानो यांनी गावात खळबळ माजवली, असं काही झालं नाही.

हे मित्राच्या मामांचं गाव. डिसेंबरातली रात्र, उसाची तोड चालू, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. तांबडा-पांढरा झाल्यावर आम्ही अंगणात खुर्च्या टाकल्या आणि मित्रानं डबा काढला. मामा एकेकाळचे पक्के विडीवाले. रोजची दोन बंडलं कुठे गेली ते त्यांनाच कळायचं नाही. छातीनं त्रास द्यायला सुरुवात केल्यावर एका दिवसात सोडली, त्याला आता आठ वर्षं झाली.

"हे काय रं? जळकं लाकूड?"

"सिगार हाय मामा. इटलीचा."

"इटलीत जरा बरं काय मिळत नव्हतं व्हय?"

मग त्यांनी एक उचलला, नाकाखाली धरला आणि डोळे बारीक केले. "ह्याला धूर दिलाय. लाकडाचा." आमच्या मित्रानं कंपनीच्या माहितीपत्रकातून जे पाठ केलं होतं ते मामांनी पेटवायच्या आधीच सांगून टाकलं! धूर आत घ्यायचा नाही म्हटल्यावर मात्र ते खो खो हसले. "आत वढायची न्हाई? मग तोंडात कशाला घ्यायची? नुस्ती फुकायला चूल हाय की घरात!"

मामांनी पेटवला नाही. नुसता हातात फिरवला आणि परत डब्यात ठेवला. "विडीच हाय ही," त्यांचा निकाल, "जरा मोठ्या घरची."

आम्ही हसलो. तेवढ्यात मामी कॉफीचे कप घेऊन आल्या. मामींचं माहेर निपाणीकडचं. त्यांना तो वास लांबूनच ओळखू आला होता. आम्ही आपले 'काय सुगंध आहे ना, मामी?' करून बसलो.

"त्या वासाचं कौतुक तुमास्नी, पावणं," मामी म्हणाल्या. "आमची आई वखारीतनं घरला आली की आधी न्हाणीत जायाची, मगच पिठाला हात लावायची. तरीबी भाकरी कडू लागायची."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आम्हाला गप्प करायचा इरादाही नव्हता. पण सिगारवरच्या तमाम चकचकीत लेखांत जे कुठेच छापून येत नाही, ते त्या दोन वाक्यांत होतं. आपण ज्याला 'अरोमा' म्हणतो, तो कुणाच्या तरी हाताला लागलेला असतो आणि धुऊनही जात नाही.

तासाभरावरची तंबाखू

कोल्हापुरातून पुणे-बेंगळुरू हायवेनं दक्षिणेला निघालात की तासाभरात निपाणी. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, बाजारातली भाषा मराठी. आणि पीक तंबाखू, तीही विडीची. देशभरातल्या विडी कारखान्यांना हे नाव माहीत आहे. इटलीतली केंटकी बंद कोठारात धुरावर वाळते, आपली निपाणीची उघड्यावर उन्हात. बाकी कष्ट सारखेच. रोपाचा शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे सगळा कस पानात उतरतो. हे खुडताना पानांचा चीक हाताला लागतो, काळा आणि चिकट. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. ओढणाऱ्याला पहिल्या सिगारनं जसं गरगरतं, तसं शेतातल्या माणसाला न ओढताही होऊ शकतं.

शेतातून माल जातो वखारीत. तिथे कुटायचं, चाळायचं, निवडायचं. हे काम वर्षानुवर्षं बायकांचं. बंद जागा, हवेत तंबाखूची धूळ, तोंडाला पदर. १९८० च्या सुमारास या बायका संघटित झाल्या, मजुरीसाठी आणि माणसासारखं वागवलं जावं म्हणून उभ्या राहिल्या. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' या महिलांच्या फिल्म ग्रुपनं १९८२ मध्ये त्यांच्यावर एक फिल्म केली. या बायका पडद्यावर स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतात. संधी मिळाली तर जरूर बघा.

आणि पिकवणारा? त्याचीही कथा याच हायवेवर लिहिली गेलीय. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक हायवेवर येऊन बसले. मागणी साधी: मालाला भाव द्या. बैलगाड्या, चुली, मुलंबाळं, सगळा संसार रस्त्यावर. त्या वस्तीला नाव पडलं 'आंदोलननगर'. शेवट गोळीबारात झाला. पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मेले. आज आपण त्याच रस्त्यावरून ताशी शंभरनं गोव्याला जातो, मध्ये कुठेतरी मिसळ खायला थांबतो आणि खिडकीबाहेर बघतही नाही.

विडी आणि सिगार: एकाच रांगेत

मामांचं 'विडीच हाय ही' हे वाक्य आम्ही विनोद म्हणून घेतलं होतं. पण जरा विचार केला तर ते अगदी खरं निघतं.

तोस्कानो गरिबांसाठी स्वस्तात बनला. विडीही तशीच. तोस्कानोवर एक पान गुंडाळलेलं, विडीवरही एकच. फक्त ते टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं. ऐन उन्हाळ्यात गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात पहाटे उठून तोडलेलं. तोस्कानो मध्येच विझतो, विडीही सारखी ओढत राहिली नाही तर विझते. लुक्का नावाच्या सुंदर इटालियन गावात तोस्कानो वळायच्या बायका, तिथे त्यांना 'सिगाराये' असं खास नाव आहे. आपल्या सोलापुरात विडी वळतात त्याही बायकाच. मांडीवर सूप, हातात कात्री, पत्र्याचा साचा, दोऱ्याचं रीळ. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. इटलीतली बाई हातानं सिगार वळतानाचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकात छापला जातो, खाली 'हँडमेड'. सोलापुरातल्या बाईच्या विडीवर 'हँडमेड' कधी वाचलंय? तीही हातानंच करते की!

सोलापूरच्या या बायकांनी मात्र एक जबरदस्त गोष्ट करून दाखवलीय. त्यांच्या सहकारी संस्थेनं कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकरांचं नाव दिलेली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला. बोटांनी हजार-हजार विड्या वळून मिळवलेलं स्वतःचं घर! आपल्या होम लोनच्या रडकथा त्यापुढे जरा फिक्या वाटतात.

गंमत बघा, आपल्या संसदेला हे नातं कधीच कळलं होतं. १९६६ मध्ये कामगारांसाठी कायदा केला त्याचं नावच 'विडी आणि सिगार कामगार कायदा'. दोघं एका ओळीत, विडी आधी. फरक करायला आपण शिकलो ते नंतर. टपरीवर विडी ओढणाऱ्या वॉचमनकाकांकडे बघून नाक मुरडायचं आणि गच्चीवर तीच तंबाखू मोठ्या पानात गुंडाळून 'नोट्स' शोधायच्या. 'गॅट्स' या सरकारी पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि ४ टक्के सिगारेट. म्हणजे 'भारतीय स्मोकर' म्हटल्यावर जाहिरातीतला जो चेहरा डोळ्यांसमोर येतो तो मुळातच चुकीचा. खरा स्मोकर मामांसारखा दिसतो.

आणि तंबाखूला ग्लॅमर चिकटवायचा धंदाही काही आजचा नाही. मोगल दरबारातला असद बेग नावाचा सरदार १६०४ च्या आसपास विजापूरला आला होता. आदिलशाहीचं विजापूर, म्हणजे आपल्याच शेजारचं. तिथे त्यानं तंबाखू पहिल्यांदा बघितली आणि अकबरासाठी घेऊन गेला. नुसती नाही, रत्नजडित नळी बनवून, चांदीच्या तबकात मांडून. दरबारी वैद्यानं विरोध केला, म्हणाला ही नवी वस्तू, आपल्या ग्रंथांत हिची माहिती नाही, जपून. अकबरानं तरी दोन-चार झुरके घेतलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीचा हुकूम काढला, लोकांनी तो मनावर घेतला नाही. पॅकेजिंग, सेलिब्रिटी, डॉक्टरचा इशारा, सरकारी बंदी आणि 'चलता है'. चारशे वर्षांत आपण फक्त रत्नांच्या जागी सोनेरी पट्टी लावली.

आता बिल

हॉटेलात जेवण कितीही झकास झालं तरी शेवटी बिल येतंच. इथेही येतं.

'सिगारचा धूर आत घेत नाही, त्यामुळे तो सेफ' हे वाक्य तुमच्या गँगमध्येही कुणीतरी ऐकवणार. चूक. सिगारेटपेक्षा सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. फुप्फुसापर्यंत जायची त्याला गरज नसते. म्हणजे सवय लागायला झुरका आत ओढायलाच हवा असं नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सिगारवाल्यालाही आहेच. मोठ्या आकाराच्या एकाच सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आणि ज्या लाकडाच्या धुरावर आपण इतके फिदा होतो, त्या धुरामुळे पानातली काही घातक रसायनं वाढतातच.

उदाहरण हवंय? तोस्कानोच्याच गावचं घ्या. संगीतकार जाकोमो पुच्चिनी, जन्म लुक्का, १८५८. सिगारेटी आणि तोस्कानो, दोन्हीचा नादी. 'तुरांदोत' हा ऑपेरा लिहीत असताना घशाचा कॅन्सर निघाला. उपचाराला ब्रसेल्सला नेलं, तिथेच नोव्हेंबर १९२४ मध्ये गेला. ऑपेरा अपुरा राहिला, तो दुसऱ्यानं पूर्ण केला. ज्या गावात सिगार वळला जातो त्याच गावचा सगळ्यात मोठा कलाकार असा गेला, हे कुठल्याही डब्यावर छापत नाहीत.

कायद्याचंही ऐका. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहे. ऑफिसचा जिना, लॉबी, पार्टीचा हॉल, सगळं त्यात आलं. गच्ची सोसायटीची सामाईक असेल तर तिथेही मिजास नको. खाली पहिल्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं बाळ असतं. महाराष्ट्रात १८ वर्षांखालच्यांना तंबाखूचे पदार्थ विकायला बंदी. कर्नाटकानं २०२५ मध्ये ही मर्यादा २१ वर नेली आणि सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याचा दंड हजार रुपये केला. म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडला की कोल्हापूरचा वीस वर्षांचा 'सज्ञान' एकदम लहान होतो!

ज्यांनी आजवर ओढलेलं नाही त्यांनी या लेखामुळे सुरू करू नये. अगदी स्पष्ट सांगायचं तर त्यांचं काहीही राहून गेलेलं नाही. ते पाऊण तासाचं निवांतपण उसाच्या रसाबरोबरही मिळतं. जे रोज ओढतात त्यांनी सिगारेटऐवजी सिगार म्हणजे प्रगती, असा हिशेब करू नये. सवयीला इटालियन नाव दिलं म्हणून ती छंद होत नाही. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्विटलाइन नंबर आहे, बिनधास्त फिरवा. आणि ज्यांना वर्षातून एखाद्या थंडीत, जुन्या मित्राबरोबर, अर्धा अर्धा कापून घ्यायचाच आहे, त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून घ्यावा.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गँगमधला कुणी ऑनसाइट-रिटर्न डोळे मिटून 'वुडी, स्मोकी, अर्थी' असं काहीतरी पुटपुटायला लागला, तर त्याला एवढंच विचारा: वखारीतून घरी आल्यावर तुला भाकरी थापायची आहे का? नाही ना? मग वासाबद्दल जरा बेतानं बोल. आणि उद्या सकाळी गेटवर वॉचमनकाकांची विडी दिसली की नाक मुरडू नकोस. दोघांच्या हातात आहे ती तंबाखूच, आणि दोघांची छातीही सारखीच.